वाटीभर वीज

२०४१ सालच्या मार्च महिन्यात भुसावळात असं ऊन पडलं होतं, की तापी-दर्शन सोसायटीच्या गच्चीवर वाळत घातलेले पापड संध्याकाळी भाजूनच खाली येत. कावळे तारेवर बसण्याआधी एक पाय टेकवून अंदाज घेत आणि मगच दुसरा टेकवत. सोसायटीच्या नावातली तापी कुठल्याच खिडकीतून दिसत नसे; नावातला ताप मात्र सगळ्या खिडक्यांतून आत येई.

या सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर हेमराज नेहेते राहत. रेल्वेत पस्तीस वर्षं सिग्नल निरीक्षक. आपल्या हद्दीत एकाही गाडीने लाल सिग्नल ओलांडला नाही, हे ते ओळख करून देताना नावाच्याही आधी सांगत. दुसरा अभिमान त्यांना आपल्या हाताचा. कुठलीही वस्तू तळहातावर घेतली की तिचं वजन सांगत, आणि तेही असं, की भाजीवाल्या बाईने त्यांच्यापुरता तराजूच बाजूला ठेवला होता. "तुम्हीच सांगा नाना. काट्याशी भांडता येतं, तुमच्याशी कोण भांडेल?"

अशा माणसाच्या दारावर सरकारने लाल-पिवळा-हिरवा दिवा आणून बसवला.

झालं होतं असं, की विजेचं बिल महिना संपल्यावर येण्याचे दिवस गेले होते. आता प्रत्येक घराच्या दाराशी मिठाची बॅटरी आली होती. कमरेएवढी उंच, पोटाला गोल, वर झाकण. कागदोपत्री तिचं नाव 'पूर्वदत्त गृह-ऊर्जा संचय एकक' असं होतं; लोकांनी पहिल्याच दिवशी तिचा 'हंडा' करून टाकला. एक तारखेला आणि सोळा तारखेला पहाटे हंडा भरायचा, पैसे त्याच्या आधी मोजायचे, आणि मग पंधरा दिवस वर थेंब नाही. हंडा अर्ध्याच्या वर असला की दारावर हिरवा दिवा, खाली गेला की पिवळा, संपला की लाल. हे सगळं मोबाइलवर कुणालाही, कुठूनही बघता येई.

आतल्या मिठाचं काम कसं चालतं, ते समोरच्या दारातले भारंबे सर समजावून सांगत. सर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. "मिठातल्या सोडियमचे कण म्हणजे प्रवासी समजा," ते जिन्यात उभे राहून म्हणत. "हंड्यात दोन फलाट आहेत. वीज भरली की सगळे प्रवासी या फलाटावरून त्या फलाटावर ढकलले जातात आणि तिथे कोंडून बसतात. तुम्ही पंखा लावला की ते परत निघतात. त्या परतीच्या गर्दीवर तुमचा पंखा फिरतो. सगळे परत आले, की संपलं."

सर हे एवढ्या मोठ्यांदा का सांगत, कोण जाणे. रेल्वेचं उदाहरण रेल्वेच्या माणसाच्या बंद दारासमोर. कारण नेहेते आणि भारंबे अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

भांडण भरितावरून होतं. अकरा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात हेमराजरावांनी स्वतः तुराट्यांवर वांगी भाजून भरीत केलं होतं आणि डबा भरून सरांकडे पाठवला होता. दुसऱ्या दिवशी डबा परत आला. हेमराजरावांनी तो तळहातावर घेतला, तोलला, आणि त्यांचा चेहरा उतरला. रिकामा! खानदेशातल्या कुठल्या घरात कुणाचं भांडं रिकामं परत करतात? साखर नाही, गूळ नाही, चार शेंगा नाहीत?

"उघडून तर बघा," बायको चारुशीला म्हणाली होती.

"उघडायचं काय त्यात? वजनावरून कळतं." आणि त्यांनी डबा तसाच माळ्यावर टाकला.

खात्याची कल्पना साधी होती. वापरून झाल्यावर पैसे द्यायचे असले की माणूस बेफिकीर असतो; आधी भरून ठेवलेला हंडा डोळ्यांदेखत उतरायला लागला की तो हात आखडतो. हे खरंच होतं का, ते बघायला पुण्याच्या एका संस्थेने डॉ. समिधा कुलथे नावाच्या तरुण बाईंना भुसावळला पाठवलं. त्या जिन्याच्या पायरीवर टॅबलेट घेऊन बसत आणि कुठल्या घरात कधी काय चालू झालं ते टिपत. पहिल्या दिवशी त्यांना बाराच्या बारा घरांतून चहा आला. तो वापर त्यांनी प्रामाणिकपणे वेगळा लिहिला.

हेमराजरावांना मात्र खात्याच्या कल्पनेशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांची काळजी नाशिकला होती.

तिथे त्यांची मुलगी मृण्मयी सातव्या महिन्यात होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलं. चारुशीलाबाईंनी डिंकाचे लाडू वळायला घेतले होते, जुन्या साड्यांच्या दुपट्यांचा ढीग लावला होता. आणि एक दिवस विहीणबाईंचा फोन आला. विहीणबाईंचं नाव विद्युल्लता झोपे. नावातला पहिला भाग त्यांनी पुरेपूर आचरणात आणला होता.

"व्याहीबुवा, तुमच्याकडे म्हणे प्रीपेड आलंय?"

"हो, आलंय ना. चांगलं आहे."

"म्हणजे वीज संपली, तर संपली?"

"संपत नाही हो, विहीणबाई."

"मी रोज मोबाइलवर तुमचा हंडा बघतेय. काल पिवळा होता. माझी सून अठ्ठेचाळीस डिग्रीत, पोटात बाळ, आणि वर पंखा बंद? स्पष्ट बोलते, राग मानू नका. सोळा एप्रिलपर्यंत बघते. तुमच्या दारावर एकदा जरी लाल लागला ना, तर बाळंतपण इथेच. आमच्याकडे अजून जुनं मीटर आहे. हवी तेवढी वीज."

फोन ठेवल्यावर हेमराजराव बराच वेळ दारावरच्या दिव्याकडे बघत उभे राहिले.

"पस्तीस वर्षं," ते म्हणाले.

"माहीत आहे," चारुशीलाबाई म्हणाल्या. "आता घरातली गाडी सांभाळा."

त्याच संध्याकाळी घरात वेळापत्रक लागलं. फ्रिज उघडण्याच्या वेळा: ७.१०, ११.४०, ४.२५ आणि ८.०५. मधल्या वेळात कुणाला कोथिंबीर लागली, तर पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं. मिक्सर बंद, खलबत्ता चालू. इस्त्री बंद, शर्ट गादीखाली घालून त्यावर झोपायचं. टीव्हीवरची मालिका एक दिवसाआड. मधल्या दिवशी काय झालं असेल ते चारुशीलाबाईंनी स्वतः रचून सांगायचं. दोन आठवड्यांत त्यांच्या रचलेल्या भागात खलनायिकेला पश्चात्ताप होऊन ती कापसाचा धंदा करायला लागली होती, आणि खरा भाग बघायला कुणी उत्सुक राहिलं नव्हतं.

"काय करून राह्यले?" एका दुपारी त्यांनी विचारलं. हेमराजराव फ्रिजच्या दाराला कान लावून उभे होते.

"आत दिवा विझतो की नाही, ते ऐकतोय."

"दिवा ऐकू येतो?"

"लक्ष दिलं तर येतो."

समोर भारंबे सरांनी तर शास्त्रशुद्ध काटकसर मांडली होती. त्यांचं तत्त्व एकच: जी वस्तू नुसतं दाखवायचं काम करते, ती फुकटची वीज खाते. म्हणून त्यांनी फ्रिजमधला दिवा काढला, घड्याळाचे चमकणारे आकडे काढले, टीव्हीचा बारीक लाल ठिपका चिकटपट्टीने झाकला आणि मग चिकटपट्टीने वीज वाचत नाही हे आठवून त्याची तारच तोडली. बायको गेल्यापासून सर एकटेच. त्यांना थांबवणारं घरात कुणी नव्हतं.

पंधरवडा संपला तेव्हा समिधाबाई खूश होत्या. सोसायटीचा घरगुती वापर एक तृतीयांशाने उतरला होता. "प्रीपेडचा परिणाम!" त्यांनी पुण्याला कळवलं. मग त्यांनी हंडे किती भरले गेले तो आकडा बघितला आणि त्यांच्या हातातला चहा निवला. हंडे पूर्वीइतकेच रिकामे होत होते.

लोक वापरत होते कमी. आणि वीज जात होती तेवढीच.

याचं मूळ वाटीत होतं.

प्रत्येक हंड्याच्या झाकणाला एक स्टीलची वाटी अडकवलेली असे. तीही बॅटरीच, जाड बुडाची, आणि वर बोटं घालून उचलायला खळगा. कुणाची अडचण झाली तर शेजाऱ्याची वाटी त्याच्याच हंड्यावर भरून आणायची आणि आपल्या हंड्यावर उपडी घालायची. कूलर दोन तास चालेल एवढी वीज तीत मावे. वाटीच्या काठाला बारीक दिव्यांचं कडं होतं. भरली की पूर्ण कडं उजळे, अर्धी असली की अर्धं. खात्याला वाटलं होतं, वर्षातून एखाद्या वेळी कुणी वापरील.

पहिल्या आठवड्यात तळमजल्यावरच्या फेगडेकाकू वरच्या शेजारणीकडे आल्या. "वाटीभर वीज द्या हो, पुरण वाटायचंय." त्यांना वाटीभर वीज मिळाली. दुसऱ्या दिवशी वाटी परत करायची वेळ आली. आता रिकामी वाटी कशी द्यायची? काकूंनी वाटी काठोकाठ भरून दिली. वाटी परत घेणारीला वाटलं, मी दिली तेव्हा कडं जरा कमीच उजळलं होतं, ही तर पूर्ण देऊन गेली. तिने त्याच संध्याकाळी वाटी परत भरून, "असू द्या हो, तुमच्याकडे पाहुणे आहेत," म्हणत खाली नेली. मग काकूंचा मान राहीना. हळूहळू सगळी सोसायटी यात उतरली. सकाळी भरलेल्या वाट्या वर जात, दुपारी भरलेल्या वाट्या खाली येत. समोरून भरून आली म्हणून भरून द्यायची, आणि आपल्याकडून आधी गेली पाहिजे म्हणून घरातला कूलर बंद ठेवायचा. लोक घामाने निथळत आणि एकमेकांना वीज वाढत.

एका दुपारी समिधाबाईंना जिन्याच्या पायरीवर बसवेना. चटका बसत होता.

"ऊन तर इथे येत नाही," त्या म्हणाल्या. "मग पायऱ्या का तापतात?"

भारंबे सर आपल्या दारात उभे होते. त्यांनी भिंतीला तापमापक टेकवला. हेमराजराव स्वतःच्या दाराच्या भिंगातून बघत होते आणि श्वास रोखून ऐकत होते.

"सोपं आहे," सर म्हणाले. "प्रवासी या फलाटावरून त्या फलाटावर जाताना धक्काबुक्की होते. त्यात थोडी वीज तापण्यात जाते. एकदा भरलं, एकदा उपडं घातलं, काही जाणवत नाही. पण इथे एकच वाटी दिवसातून चौदा वेळा जिना चढते-उतरते. दर वेळी थोडा चटका. अशा बारा वाट्या."

"म्हणजे सगळ्यांनी वाचवलेली वीज..."

"जिन्यात. परवा फेगडेकाकूंनी दुसऱ्या पायरीवर शेवया वाळवल्या."

समिधाबाईंनी कपाळाला हात लावला. "आणि बारा नाही सर, अकरा वाट्या. हे समोरचं घर कुणाला देत नाही, कुणाकडून घेत नाही."

सर क्षणभर बंद दाराकडे बघत राहिले. "हो," ते म्हणाले. "ते घर वजनावर चालतं."

भिंगामागे हेमराजरावांचा कान लाल झाला. दारावरचा दिवा मात्र हिरवा होता.

असे तीन पंधरवडे निघत आले. एप्रिलच्या तेरा तारखेला हंड्यात बारा टक्के उरले होते. हेमराजरावांनी कागदावर मांडून पाहिलं: वेळापत्रक पाळलं, तर सोळाच्या पहाटे दोन टक्के शिल्लक राहतील. बाळंतपण माहेरी. त्यांनी आनंदाने ११.४० ला फ्रिज उघडला, आणि दाराची घंटा वाजली.

दारात विद्युल्लताबाई झोपे उभ्या होत्या. हातात पेढ्यांची पेटी, मागे बॅग.

"म्हटलं, न कळवता जावं," त्या म्हणाल्या. "कळवून गेलं की सगळ्यांची घरं चांगलीच दिसतात."

अचानक तपासणी! पस्तीस वर्षांच्या नोकरीत हेमराजरावांनी अशा तपासण्या स्वतः केल्या होत्या. आपल्यावर आलेली ही पहिलीच.

"या, या ना, विहीणबाई! बसा. चारू, पाणी आण."

"गार आण हो," विहीणबाई म्हणाल्या. "आणि तो कूलर काय शोभेचा आहे का?"

कूलर लागला. हेमराजरावांनी हळूच एकवर ठेवला.

"वाढवा की. नाशिकहून भाजत आलेय."

तीनवर गेला. चारुशीलाबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि आंबे पिळायला घेतले. पहिलाच आंबा सोलला तोवर बाहेरून आवाज आला, "रस मिक्सरमधून काढा हं, मला धागे चालत नाहीत." मग विहीणबाईंनी मोबाइल चार्जिंगला लावला. मग त्यांच्या मालिकेची वेळ झाली. मालिका बघताना त्यांना आश्चर्य वाटलं, की शेजारी बसलेले व्याहीबुवा खलनायिकेला बघून "हिने कापसाचा धंदा सोडला वाटतं?" असं पुटपुटले.

विहीणबाईंचा मोबाइल टेबलावर उताणा होता. त्यावर नेहेत्यांचा हंडा उघडलेला. सात टक्के. मिक्सर फिरला, पाच. "बाथरूममध्ये पाणी कढतंच येतं का हो तुमच्याकडे?" असं विचारून विहीणबाईंनी पाणी गार करायचं यंत्र लावलं, तीन.

हेमराजरावांनी स्वयंपाकघरात येऊन बायकोचा हात धरला. "चारू, लाल लागणार."

"मग सांगा त्यांना, कूलर बंद करा म्हणून."

"विहिणीला? पहिल्यांदा घरी आलेल्या? जेवायला बसवून?"

"मग फेगडेकाकूंकडून वाटी आणते."

"आपण कधी कुणाला दिली नाही. कुठल्या तोंडाने मागायची?"

बाहेर कूलर एका लयीत घों घों करत होता. दोन टक्के. हेमराजरावांना डोळ्यांसमोर मृण्मयीची दुपटी दिसली, घड्या घालून, कपाटाच्या वरच्या खणात, कुणीच न उघडलेली. सिग्नल पडायची वेळ झाली, की ऐकू येते तशी त्यांच्या कानात घंटी वाजायला लागली.

ती घंटी दाराची होती.

दार उघडलं. समोर भारंबे सर. सरांनी हेमराजरावांकडे बघितलं नाही, दारावरच्या लुकलुकत्या पिवळ्या दिव्याकडे बघितलं. हातातली वाटी पुढे केली.

हेमराजरावांनी वाटी घेतली. आणि सवयीने तोलली. मग काठाकडे पाहिलं. काठ पूर्ण काळा होता. एक ठिपकासुद्धा नाही.

अकरा वर्षं एका क्षणात त्यांच्या डोक्यात चढली. "परत रिकामी?" ते दात आवळून म्हणाले. आवाज मोठा करता येत नव्हता, आत विहीण. "आजच्या दिवशी? सर, थट्टेला दिवस सापडला तुम्हाला?"

"लावून बघा," सर म्हणाले.

"लावायचं काय त्यात? वजनावरून..."

"विजेला वजन नसतं, नेहेते."

सर शाळेत शेवटच्या बाकावरच्या पोराला सांगावं तसं, शांतपणे पुढे म्हणाले, "भरलेल्या वाटीचं आणि रिकाम्या वाटीचं वजन सारखंच. प्रवासी फक्त फलाट बदलतात, गाडीच्या बाहेर जात नाहीत. आणि कडं मी काढून टाकलंय. नुसतं दाखवायचं काम करतं ते."

मागून चारुशीलाबाईंचा हात आला. नवऱ्याच्या हातातली वाटी त्यांनी ओढून घेतली आणि हंड्यावर उपडी घातली.

आत मालिकेत कुणीतरी कुणाच्या थोबाडीत मारली. एक टक्का. दिवा लुकलुकला. एक टक्का. मग तीन. मग सहा. नऊ.

"अगंबाई!" दिवाणखान्यातून विहीणबाईंचा आवाज आला. "हे वाढलं कसं? कूलर चालू, मिक्सर चालू, आणि हंडा चढतोय?"

हेमराजराव सरांकडे बघत होते. "एवढी वीज कशाला दिलीत?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच आधी भरली होती. अकरा वर्षांपूर्वी, डबाभर भरीत. प्रीपेड."

"मग तेव्हा डबा रिकामा का पाठवलात, सर?"

"रिकामा?" सर म्हणाले. "ही माहेरी गेली होती. मला स्वयंपाकघरात काही सापडेना. साखरेचा डबासुद्धा. एका बरणीत दोन लवंगा होत्या, त्या घातल्या. ती आली आणि मला फाडून खाल्लं तिने. एवढ्या भरिताला दोन लवंगा? नेहेते काय म्हणतील? तुम्ही बोलायचं थांबलात, तेव्हा मला वाटलं, लवंगा कमी पडल्या."

चारुशीलाबाई कधी स्टुलावर चढल्या आणि कधी माळ्यावरून डबा घेऊन उतरल्या, दोघांना कळलं नाही. त्यांनी झाकणाला नख लावलं. झाकण अकरा वर्षं बसलेलं. ते कुरकुरत निघालं. तळाशी दोन लवंगा होत्या. वाळून बारीक झालेल्या, पण वास येत होता.

"मी म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "उघडून तर बघा."

तोवर जिन्यात चाहूल लागली होती. नेहेत्यांच्या दारात भारंबे सर बोलत उभे आहेत, ही बातमी वर-खाली पोहोचायला कितीसा वेळ लागतो? फेगडेकाकू वाटी घेऊन आल्या. त्यांच्यामागे तिसरा मजला आला. कुणी म्हणालं, पाहुण्या आल्यात, राहू द्या. कुणी म्हणालं, आमच्याकडे जास्तीची होती. कुणाकडेही जास्तीची नव्हती. सगळे घामाघूम होते. एकामागून एक दहा वाट्या उपड्या पडल्या, आणि दारावरचा दिवा हिरवा झाला.

विहीणबाई मोबाइल हातात घेऊन पॅसेजमध्ये येऊन उभ्या राहिल्या. गर्दीकडे बघितलं, वाट्यांकडे बघितलं, हंड्याकडे बघितलं. हेमराजरावांनी मान खाली घातली. तपासणीत पकडलं गेल्यावर माणूस घालतो तशी.

"विहीणबाई, खरं सांगतो. संपतच आली होती. ही सगळी शेजाऱ्यांची आहे."

विहीणबाई म्हणाल्या, "आमच्या बंगल्यात मागच्या आठवड्यात फ्यूज उडाला. चार तास अंधारात बसले मी. शेजारच्यांचं नाव माहीत नव्हतं, हाक कशी मारणार?" त्यांनी मोबाइल बंद केला. "मृण्मयीला रविवारी पाठवते."

चारुशीलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"आणि मीपण येते तिच्याबरोबर," विहीणबाई म्हणाल्या. "तीन महिने."

हेमराजरावांनी हंड्याकडे बघितलं. मग कूलरकडे. मग, पस्तीस वर्षांच्या नोकरीचा सगळा धीर एकवटून, म्हणाले, "या ना. आनंदाने या."

समिधाबाईंचा अहवाल मे महिन्यात गेला. त्यात लिहिलं होतं, की आधी पैसे भरले म्हणून लोक वीज कमी वापरतात का, तर पहिले काही दिवस हो, पुढे सवय होते. तापी-दर्शनमध्ये मात्र वापर उतरतच गेला, कारण तिथे लोक पैशासाठी नव्हे, शेजारणीच्या वाटीत घालायला म्हणून वीज वाचवत होते. दुर्दैवाने वाचवलेली सगळी वीज जिन्यात खर्च झाली.

खात्याने अहवाल वाचून लगेच परिपत्रक काढलं. 'ग्राहकांनी उसनी घेतलेली वाटी वीजरहित अवस्थेतच परत करावी.' सोसायटीच्या फळ्यावर ते लागलं तेव्हा बायकांनी ते वाचून एकमेकींकडे अशा नजरेने बघितलं, की शिपाई पत्रक चिकटवून जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या उड्या मारत निघून गेला.

"रिकामी वाटी द्या म्हणतात!" फेगडेकाकू म्हणाल्या. "यांच्या आया यांना काही शिकवून गेल्या नाहीत का?"

हेमराजराव पुढे झाले. सरांची बिनकड्याची वाटी अजून त्यांच्याकडेच होती. सगळ्यांसमोर त्यांनी डब्यातल्या दोन लवंगा काढल्या, वाटीवरच्या बोटं घालायच्या खळग्यात ठेवल्या, आणि वाटी सरांच्या हातात दिली.

"वीजरहित आहे," ते म्हणाले. "पण रिकामी नाही."

त्या दिवसापासून भुसावळात वाटी लवंगा घालून परत करायची पद्धत पडली. वीज एकदाच चढते, एकदाच उतरते. जिना गार झाला, हंडे महिना-महिना पुरायला लागले, आणि खात्याच्या तक्त्यावर तापी-दर्शन सगळ्यात वर गेलं. परिपत्रकाचं यश म्हणून खात्याने त्याची नोंद केली. बाजारात लवंग मात्र महाग झाली.

मृण्मयीला मुलगी झाली. नर्सने बाळ आणून आजोबांच्या तळहातांवर ठेवलं. चारुशीलाबाई, विहीणबाई, भारंबे सर, दारातून डोकावणाऱ्या फेगडेकाकू, सगळे थांबले. नाना आता ग्रॅममध्ये सांगणार. हेमराजरावांनी बाळ जरा वर उचललं, तोललं, पुन्हा तोललं. बाळाने एक डोळा उघडून त्यांच्याकडे बघितलं आणि मिटला.

त्यांनी वळून सरांकडे पाहिलं.

"नाही बुवा," ते म्हणाले. "वजनावरून काही कळत नाही."